तंबूसमोर चाळीस माणसं

आमचा कोल्हापूर ते हंपी सायकलप्रवास शिरोळजवळ संपला. नकाशात हंपी बरीच पुढे आहे.

निघताना गल्लीने हार घातले होते, हलगी लावली होती. "हंपी गाठल्याशिवाय माघारी येणार नाही!" असं मी (वय बावन्न, आणि हातात माईक) जाहीर करून बसलो होतो. दुसऱ्या सायकलवर बायको होती. ती हंपी बघायला नाही, माझी फजिती बघायला आली होती.

नदीकाठी पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. स्वच्छ झाडलेली सपाट जागा सापडली, शेजारी चौथरासुद्धा! "बघितलीस का नजर आपली?" म्हणत मी लालभडक तंबू ठोकला आणि सायकली चौथऱ्याला टेकवल्या.

सकाळी कावळ्यांनी जागं केलं. शंभरेक तरी असतील. मग एकाएकी सगळे गप्प! ती शांतता मला अजिबात आवडली नाही. तंबूची चेन वीतभर उघडली. बाहेर दाट धुकं, आणि धुक्यात चाळीसेक माणसं उभी. पांढरे कपडे, पांढऱ्या टोप्या. कुणी हलत नव्हतं, खोकतसुद्धा नव्हतं. सगळ्यांचे हात जोडलेले, आणि तोंडं आमच्याकडे!

"अगं," मी कुजबुजलो, "आपण गेलो की काय?"

"तुम्ही गेला असाल. माझे गुडघे दुखतायत!"

तेवढ्यात धुक्यातून आवाज आला, "तात्या, रान इकणार न्हाय. शब्द हाय माझा!"

शांतता.

"तात्या, धाकट्याचं लगीन दणक्यात करतो की!"

चाळीस माना चौथऱ्याकडे वळल्या. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. रक्षाविसर्जन! चौथऱ्यावर नैवेद्य ठेवलेला, आणि कावळा काही शिवत नव्हता. (आमच्या तंबूला भिऊन शिवत नव्हता, हे मला कळलं. पण चाळीस जणांना सांगणार कोण?) मी हात जोडून रांगतच बाहेर आलो.

"पावणं," एक म्हातारबा म्हणाले, "झोपलाय म्हणून हाक मारली न्हाय. पर आमच्या तात्यानं जलमभर आपल्या सायकलीला कुणाला हात लावू दिला न्हाय. ही आपलीच वाटत असंल तेला! तुमी बी शब्द द्या कायतरी."

एक कावळा माझ्याच हँडलवर उतरला आणि माझ्याकडे टक लावून बसला.

"तात्या, तंबू आत्ता काढतो!"

कावळा ढिम्म.

"तात्या, हंपीला तुमच्या नावानं नारळ फोडतो!"

त्याने चक्क पाठ फिरवली. आणि तंबूतून बायको ओरडली, "पुन्हा सायकलवर बसणार नाही म्हणा!"

"तात्या," मी डोळे मिटून म्हणालो, "पुन्हा जन्मात सायकलवर बसणार नाही!"

कावळा टुणकन चौथऱ्यावर उतरला आणि भाताला चोच लावली.

लोक रडले, माझ्या गळ्यात पडले. गेलेल्या माणसाला चाळीस साक्षीदारांसमोर दिलेला शब्द! त्यांनी चहा पाजला आणि सायकलींसकट आम्हाला ट्रॉलीत घालून घरी सोडलं. ट्रॅक्टर गल्लीत शिरला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सायकल आता गॅलरीत असते. टॉवेल वाळत घालायला बरी पडते. रोज सकाळी एक कावळा येऊन हँडलवर बसतो, सीटकडे बघतो, मग माझ्याकडे. बायको म्हणते, तो चपातीसाठी येतो. असेल. पण धूळ झटकायची झाली तरी मी आधी हात जोडतो आणि सांगतो, "तात्या, नुसती पुसतोय!"