सुनेत्राची लेव्ही

सुनेत्रा पाठराबे स्कूल बोर्डाच्या मीटिंगला जाते हे कळलं तेव्हा मी हसलो होतो. आमचं गाव मिनिआपोलिसचं उपनगर, ईडन प्रेरीच्या जरा पलीकडे. दर दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी निवडून आलेली सात माणसं एका लांब टेबलामागे बसतात आणि बसचे मार्ग, गळकी छपरं, शिक्षकांचे पगार यावर बोलत राहतात. ऐकायला काळं कुत्रं नसतं. असायची ती ही एकटी, मागच्या रांगेत, चहाचा थर्मास घेऊन.

"अगं, सोमवारी टीव्हीवर काही नसतं का?" मी एकदा विचारलं.

"काका, नागपूरला आठ वर्षं गणित शिकवलं, पण शाळा चालते कशी, हे कोणी सांगितलं नाही. इथे दार उघडं ठेवून सांगतात, तर ऐकू नको?"

तिचा नवरा सिद्धेश सॉफ्टवेअरमध्ये, वर्क व्हिसावर. ती त्याच्या व्हिसावर आलेली, म्हणजे तिला नोकरीची परवानगी नाही आणि मतदानाचा तर प्रश्नच नाही. मुलगी राधिका तेव्हा तिसरीत. माझं म्हणाल तर मी श्रीराम, वय चौसष्ट, रिटायर्ड इंजिनियर. चौऱ्याहत्तर साली या देशात आलो, सिटिझन होऊनही वीस वर्षं झाली. दोन्ही मुलं इथल्याच शाळांत शिकून कधीच मार्गी लागली. शाळांशी माझा संबंध उरला होता तो फक्त घरपट्टीच्या बिलात, आणि ते बिल आलं की मी दोन दिवस बायकोशीही धड बोलत नसे.

२००५ च्या ऑगस्टमध्ये राधिकाच्या शाळेचं नाव नापास शाळांच्या यादीत आलं. पेपरात छापून आलं. आमच्या मराठी मंडळात तर सुतकच पडलं, कारण अर्ध्या लोकांनी याच शाळेपायी इथे घरं घेतलेली. मंडळाचा अध्यक्ष चारुदत्त ठासून म्हणाला, "यार, हे त्या स्वस्त भाड्याच्या अपार्टमेंट्समधल्या मुलांमुळे झालं असणार. आपली मुलं तर टॉपला आहेत." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, ते लपवत नाही.

सुनेत्राने मान डोलावली नाही. तिने पूर्ण अहवाल काढून वाचला. नव्या केंद्रीय कायद्यात नुसते चांगले मार्क पुरत नव्हते. मुलांचे गट पाडलेले आणि प्रत्येक गटातल्या शंभरातल्या पंच्याण्णव मुलांनी परीक्षेला बसायलाच हवं, अशी अट. शाळा बाकी सगळीकडे पास होती. एशियन गटात, म्हणजे ज्यात आपली मुलं धरतात त्यात, त्रेचाळीस मुलं, त्यातली तीन गैरहजर. दोनच असती तर शाळा पास झाली असती.

ती तीन कोण, हे तिला कोणाला विचारावं लागलं नाही. दोन चारुदत्तची जुळी, परीक्षेच्या दिवसांत पुण्यात आजीकडे होती. तिसरी राधिका, नागपूरला मामाच्या लग्नात करवली म्हणून मिरवत होती.

आता यात आपल्या लोकांचं डोकं कसं चालतं बघा. एप्रिलची तिकिटं स्वस्त मिळाली. शाळेतून परीक्षेच्या तारखांचा कागद घरी आला होता. सुनेत्राने तो वाचला आणि बाईंना फोन करून विचारलं, हे मार्क प्रगतिपुस्तकात धरतात का? नाही म्हणाल्या. झालं! ज्या परीक्षेचे मार्क धरत नाहीत, ती आपल्या लेखी परीक्षाच नव्हे. गणिताची बाई असून ती हे चुकली. तिच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं.

आमचा गणपती त्याच शाळेच्या कॅफेटेरियात बसतो, शनिवारी भाड्याने घेऊन. आरती झाली, लोक प्रसादाच्या रांगेकडे वळले, तेवढ्यात सुनेत्राने माइक घेतला आणि सांगून टाकलं. चारुदत्तचं नाव तिने घेतलं नाही. ती एवढंच म्हणाली, "तिघांतली एक माझी आहे. शाळा आपल्यामुळे नापास झाली, दुसऱ्या कोणामुळे नाही."

चारुदत्तच्या हातातला द्रोण तसाच राहिला. रांगेत कोणीतरी म्हणालं, सणासुदीला हे काय काढलंय. मला तिचा रागच आला. चारचौघांत आपलीच लाज काढायची काही गरज होती का, असं मी नीलाला घरी येईस्तोवर ऐकवलं. नीला, माझी बायको, काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मी चुकलेलो असतो, हे मला चाळीस वर्षांत कळलंय.

गरज होती. नोव्हेंबरमध्ये लेव्हीचं मतदान होतं. राज्य सरकार शाळांना पैसे देतं ते पुरत नाहीत, बाकीचे गावाने आपल्या घरपट्टीत वाढ करून द्यायचे आणि ती वाढ द्यायची की नाही ते मतदानाने ठरवायचं, ही ती लेव्ही. ती पडली तर अकरा शिक्षक जाणार, एकेका वर्गात चौतीस मुलं बसणार आणि पाचवीचा व्हायोलिनचा वर्ग बंद होणार. विरोधकांनी गावभर कार्डं वाटली होती. त्यावर मोठ्या अक्षरांत प्रश्न, नापास शाळेला आणखी पैसे कशाला?

"काका, ते कार्ड माझ्यामुळे छापलं गेलं," सुनेत्रा आमच्या दारात उभी राहून म्हणाली. "अकरा जणांची नोकरी माझ्या तिकिटावर चाललीय. मला व्होट नाही. तुम्हाला आहे."

"माझी मुलं कधीच शिकून गेली गं."

"ती शिकत होती तेव्हा ज्यांची मुलं शिकून गेली होती, त्यांनीच टॅक्स भरला ना?"

मत द्यायला जातो म्हणून मी वचन दिलं. बोर्डाच्या पुढच्या मीटिंगमध्ये तिने तीन मिनिटं मागून घेतली आणि गणपतीत बोलली तेच इंग्रजीत, लेव्हीमुळे जमलेल्या शंभर गोऱ्या लोकांसमोर सांगितलं. तिचा आवाज कापत होता, असं सिद्धेश म्हणाला. पण तीन मिनिटं तिने पुरी केली.

मतदानाच्या दिवशी गारठा होता आणि बर्फमिश्रित पाऊस लागलेला. मी दुपारी जाऊ म्हटलं, मग संध्याकाळी जाऊ म्हटलं, मग म्हटलं एका मताने काय अडणार आहे. नीला आपलं मत टपालाने आधीच टाकून मुलीकडे शिकागोला गेलेली, त्यामुळे घरातून ढकलणारंही कोणी नव्हतं. लेव्ही सतरा मतांनी पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेत्राचा फोन आला. "काका, तुम्ही गेला होतात ना?"

"म्हणजे काय! गेलो होतो की."

"थँक्यू काका," ती म्हणाली. चौसष्ट वर्षांचा माणूस पोरीएवढ्या बाईशी खोटं बोलला होता, तेही सोळा मिनिटांवरच्या मतदान केंद्रासाठी.

जूनमध्ये अकरा शिक्षक गेले. राधिकाच्या गणिताच्या बाईही गेल्या. मला वाटलं, आता ही पोरगी गप्प बसेल. कसली गप्प बसते! त्याआधी फेब्रुवारीतच तिने मंडळातल्या एकेका घरी फोन करून परीक्षेच्या तारखा कॅलेंडरवर लिहायला लावल्या होत्या. चारुदत्त दोन महिने तिच्याशी बोलत नव्हता, पण त्याने पुण्याची तिकिटं मुकाट जूनची काढली. त्या एप्रिलमध्ये आमचं एकही मूल गैरहजर नव्हतं. बोर्डाने लेव्ही पुन्हा मतदानाला टाकायचं ठरवलं, तेव्हाही ती मागच्या रांगेत होतीच.

सप्टेंबरात ती घरी आली आणि चहाच्या कपाशेजारी काही कागद ठेवले. "लेव्हीसाठी झटणाऱ्या कमिटीने व्होटर्सची लिस्ट काढलीय. कोणी कोणाला मत दिलं ते सिक्रेट असतं, पण दिलं की नाही, ते सगळ्यांना बघता येतं." आमच्या मंडळातल्या एकतीस सिटिझन लोकांच्या नावांखाली तिने पेन्सिलीने रेघ मारली होती. त्यातले नऊच जण गेल्या वर्षी मत देऊन आले होते. माझ्या नावापुढची जागा कोरी होती.

माझे कान तापले. "तुला कधी कळलं?"

"मे महिन्यात."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलून काय केलं असतं काका? तुम्ही सॉरी म्हणाला असता. सॉरी मोजत नाहीत, मत मोजतात."

नीलाने माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा दोन थोबाडीत बसलेल्या परवडल्या असत्या. मी ती यादी ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून फोन करायला बसलो. ज्यांनी ज्यांनी "गेलो होतो की" म्हटलं, त्यांना मी सांगितलं, मीही असंच म्हणालो होतो.

नोव्हेंबरच्या त्या मंगळवारी सुनेत्रा सकाळपासून आपल्या गाडीतून लोकांना केंद्रावर नेत होती. नीला सकाळीच जाऊन आली होती. मी माझ्या गाडीने जाऊ शकलो असतो, पण सुनेत्राने मला घरातून उचललं. मागच्या अनुभवावरून विश्वास नसावा. मी मत देऊन परत आलो, गाडीत बसलो, आणि खूश होऊन म्हणालो, "जिंकलो तर राधिकालाही फायदा होईल गं आता."

"राधिका नसेल काका. जानेवारीत आम्ही व्हर्जिनियाला चाललो, हर्नडनला. सिद्धेशचं इथलं प्रोजेक्ट संपलं."

"हे कधी ठरलं?"

"ऑगस्टमध्ये."

म्हणजे ती यादी घेऊन माझ्याकडे आली त्याच्याही आधी. माझी मुलं शिकून गेली म्हणून मी हात झटकले होते. हिची मुलगी या लेव्हीतल्या एकाही शिक्षकासमोर बसणार नव्हती, आणि ही सकाळपासून न जेवता गाव पालथं घालत होती. मला रडू आलं. खिडकीबाहेर बघून ते लपवायचं वय गेलं होतं, म्हणून तिच्यासमोरच डोळे पुसले.

"उतरा काका, घर आलं. तुमच्या यादीतल्या सुलभामावशींना न्यायचंय अजून, त्या फोन उचलत नाहीयेत."

"चल," मी म्हणालो, "तिचं दार मी वाजवतो. माझ्यासमोर नाही कशी म्हणते बघू."

लेव्ही दोनशे सहा मतांनी मंजूर झाली. त्यातलं एकही सुनेत्राचं नव्हतं.