समुद्रावर बातमी देत नाहीत

माझा नवरा जहाजावर नोकरीला होता हे नागपुरात कोणाला सांगितलं, की समोरचा माणूस आधी हसायचा. आमच्यापैकी बहुतेकांनी अंबाझरीच्या तलावापलीकडे पाणी पाहिलेलं नव्हतं. मग विचारायचा, नौदलात का? नाही. माल वाहणारं जहाज? तेही नाही. संशोधनाचं जहाज होतं. भर समुद्रात ते थांबायचं, पोलादी केबलला बाटल्या आणि लोखंडी जबडे बांधून खाली सोडायचं, खोलातलं पाणी आणि तळाचा चिखल वर आणायचं आणि पुढे निघायचं. नवरा त्यावरची यंत्रं सांभाळायचा. सासूबाई सावनेरकडच्या, सगळा जन्म कपाशीच्या काळ्या मातीत गेलेला. त्यांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकदाच विचारलं, “चिखलच पाह्यजे तं आपल्या वावरात कमी हाये का? समुद्रात काहून जा लागते?” याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

तोंडावर मी त्याला अहो म्हणायची. लिहिताना तो म्हणते. त्यात राग आहे, पण आता फार नाही.

दोन-तीन महिने समुद्रावर, मग महिनाभर धरमपेठेतल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत, असं त्याचं चालायचं. घरी आला तरी जहाज त्याच्या अंगातून उतरत नसे. अर्ध्या बादलीत आंघोळ. दार उघडं ठेवायचं तर कडी अडकवून, नाहीतर बंद; अर्धवट लोटलेलं दार त्याला सहन व्हायचं नाही. कपातला चहा संपेपर्यंत कप हातातून खाली ठेवायचा नाही. आणि जेवायला बसला की ताटाखाली ओला फडका. जहाजावर ताटं घसरू नयेत म्हणून टेबलावरची चादर भिजवून घेतात, ती सवय. सासूबाई पहिल्यांदा बघतच राहिल्या. “काहून गा, ताट पळून राह्यलं का तुह्यं?” तो हसला, पण फडका काही काढला नाही.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी ते जहाज पाहिलं. बंदरात असताना कुटुंबांना एक दुपार आत येऊ द्यायचे. आगगाडीचा एवढा प्रवास करून मी गेले आणि मला कसलंच आश्चर्य वाटलं नाही. घरात त्याचं वागणं इतकं पाहिलेलं होतं की सगळं ओळखीचंच निघालं. खुर्च्या साखळीने जमिनीला बांधलेल्या. उंबरे गुडघ्याएवढे. झोपायच्या फळीला कडेने आडवी पट्टी, माणूस खाली पडू नये म्हणून. तिथे माझा फोटो होता, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून भिंतीशी दाबून बसवलेला. खिळ्याला का नाही टांगला, असं मी विचारलं. म्हणाला, टांगलेलं हलत राहतं, बघून मळमळतं.

जेवणघराच्या दाराशी नियम लावले होते. डेकवर चपला नाहीत. गोडं पाणी सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ. त्यावर मी म्हटलं, नागपुरातही नळ दोनदाच येतो, एवढ्यासाठी इतक्या लांब यायची काय गरज होती? केबल पाण्यात असेल तोवर कोणी आपली जागा सोडायची नाही, मग जेवणाची घंटा वाजो नाहीतर पोटात दुखो. काही नियम लिहिलेले नव्हते पण पाळले जात. शीळ वाजवायची नाही. परत कधी पोचणार हे मोठ्याने बोलायचं नाही. भाजी आठवडाभरात संपते, मग बटाटा, कांदा आणि डाळ, आणि त्याबद्दल स्वयंपाक्याला काही म्हणायचं नाही, कारण तो एकच आहे. नवऱ्याची पाळी चार ते आठ असायची, पहाटेची आणि दुपारचीही. ते त्याला वॉच म्हणत. तो चारला केबलजवळ उभा राहतो हे मी त्या दिवशी लक्षात ठेवलं. एवढी एकच गोष्ट मला घड्याळात बघून सांगता यायची, की आता तो अमुक ठिकाणी असेल.

मुलगी थंडीच्या सुरुवातीला झाली. तेव्हा तो घरी होता. तिला उचलताना आधी पाय फाकवून नीट उभा राहायचा, मग उचलायचा, फरशी हलणार असल्यासारखा. तीन आठवड्यांनी त्याला बोलावणं आलं. मधे जहाज बंदरात लागलं तेव्हाही रजा मिळाली नाही, आणि तिथूनच दुसरी लांबची फेरी निघाली.

होळीच्या आधी तिला ताप आला. दवाखान्यात नेलं. तीन दिवस ताप राहिला आणि चौथ्या दिवशी मुलगी नव्हती. याहून जास्त मी कोणाला सांगत नसे, विचारणारेही थोडेच होते, कारण सगळे तिथेच होते, सगळ्यांनी पाहिलं होतं.

तार मी लिहिली, शेजारच्या काकांनी ती नेऊन टाकली. बंदरातल्या कचेरीत पोचली की तिथून रेडिओने जहाजावर जाते, हे मला माहीत होतं. सासूबाई संध्याकाळी म्हणाल्या, “त्याले कळलं असन का वं?” मी म्हटलं, कळलं असेल.

मला रडू आलं नाही. शरमेची गोष्ट आहे, पण आलं नाही. मी भात लावला, दळण आणलं, पाळण्याची दोरी सोडून ठेवली. बायका येऊन बसायच्या, अजून लहान आहेस, होईल दुसरं, असं म्हणायच्या, आणि मी त्यांना चहा द्यायची. कधी कधी वाटायचं की एखादीच्या अंगावर गरम चहा ओतावा. पण तेही नुसतं वाटायचं, हात उचलायचा नाही. अंग बधिर करून दात काढतात ना, तसं होतं ते सगळं. ओढतायत हे समजतं, दुखत नाही.

फक्त दुपारी चारला मी मागच्या पायरीवर जाऊन बसायची. आता तो केबलपाशी उभा असेल, त्यालाही हेच आठवत असेल, असं मनात धरून बसायची. मी त्याच्याशी काही बोलत नसे. नुसती बसायची, आम्ही दोघं बसलोय अशी. त्या आठवड्यांमध्ये मला तेवढीच सोबत होती आणि तिच्यावर माझा पूर्ण विश्वास होता.

तो आला तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. सासूबाईंनी त्याला मिठी मारून गळा काढला. तो खांबासारखा उभा राहिला. मग अर्ध्या बादलीत आंघोळ केली, फडका ओला करून ताटाखाली घातला आणि जेवला. मला वाटलं, याचंही माझ्यासारखंच झालंय. मला ते बरं वाटलं.

चार-पाच दिवसांनी त्याने पेटी रिकामी केली. तीत फोटो होते. एका फोटोत सगळे डेकवर जमलेले, नवऱ्याच्या तोंडाला काळं वंगण फासलेलं, गळ्यात कांद्यांची माळ, आणि तो डोळे मिटेपर्यंत हसतोय. मी विचारलं, “हे काय हाये?”

“विषुववृत्त ओलांडलं की पहिल्यांदा येणाऱ्यांची अशी गंमत करतात,” तो म्हणाला. “सगळ्यांचीच करतात.”

“केव्हाचं?”

त्याने पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाला, “होळीच्या नंतरचं.”

मी फोटो खाली ठेवला. “तुम्हाले केव्हा सांगितलं?”

“बंदर दोन दिवसांवर होतं तेव्हा.” तो माझ्याकडे न बघता सांगत होता. “तार आधीच आली होती. कप्तानाकडे होती. आमच्यात समुद्रावर बातमी देत नाहीत. माणूस घरी तं जाऊ शकत नाही, आणि केबलवर डोकं ठिकाणावर नसलं तं हात जातो. आधी एकजण कठड्यापाशी जाऊन उभा राह्यला होता, तेव्हापासून हा नियम. मले काही माहीतच नव्हतं.”

नियमात चूक काढायला जागा नव्हती. मला कप्तानाचा राग आला नाही, नवऱ्याचाही नाही. मला लुबाडल्यासारखं वाटलं. रोज दुपारी मी ज्याच्याबरोबर बसत होते तो तिथे नव्हताच. तो कांद्यांची माळ घालून हसत होता, आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता, हेच मला सोसवेना. दोष असता तर भांडता आलं असतं.

त्यानंतर मी त्याच्याशी बोलणं सोडलं. जेवायला वाढलंय, पाणी भरलंय, एवढंच. तोही बोलेना. सासूबाई आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघायच्या. “एकमेकाले शिव्या तरी द्या वं,” एकदा मला म्हणाल्या, “पण असे मुके नोका राहू.” त्याची पुढची फेरी महिनाअखेर निघणार होती. तो असाच निघून गेला तर आपण सासूबाईंबरोबर सावनेरला जायचं आणि या घरात परत यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. हे ठरवतानाही काही वाटलं नव्हतं. कपडे कुठल्या पेटीत मावतील एवढा विचार केला होता.

सासूबाई शेतीच्या कामाला गावी गेल्या होत्या तेव्हाची दुपार. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी मागच्या पायरीवर बसले होते, कारण बसायची सवय झाली होती, आता तिथे कोणाची वाट बघायची नव्हती तरीही. तो आला आणि माझ्या खालच्या पायरीवर बसला. फरशी तापलेली होती, तरी बसला.

“वॉच बदलताना कोणी नुसता उठून जात नाही,” तो म्हणाला.

“जहाजाचं काही सांगू नका मले.”

“ऐक तं. जो येते तो विचारते. जो उभा होता तो सगळं सांगते. वारा कसा होता, केबल किती गेली, काय बिघडलं. सगळं ऐकून येणारा ‘घेतलं’ म्हणते. तो म्हणत नाही तोवर पहिल्याने झोपायले जायचं नाही, मग तो किती का वेळचा उभा असेना.” तो माझ्याकडे वळला. “तुह्याकडून कोणी घेतलंच नाही.”

तो विचारू लागला. ताप सकाळी आला की संध्याकाळी? दवाखान्यात कशाने नेलं, रिक्षाने का? रात्री तिच्याजवळ कोण होतं? सुई कुठे टोचली? मी सांगत गेले. माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता, दुकानदाराने भाव सांगावेत तसा. दूध घेत होती का? पहिल्या दिवशी घेतलं. नंतर? नंतर चमच्याने पाणी. डोळे उघडे होते? थोडे. कपडे कोणते घातले होते? पिवळं झबलं, आईंनी शिवलेलं.

मग त्याने विचारलं, “दात आले होते का तिले?”

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. इथे सगळ्यांना माहीतच होतं. मुलीला दात आलेत की नाही हे ज्याला ठाऊक नव्हतं असा तिचा बापच होता.

“दोन,” मी म्हटलं. “खालचे.”

“चावत होती?”

“हो. खांद्याले.”

तो गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला, सगळं अंग हलवत, आवाज करत. त्याचा तो पहिला दिवस होता. माझा नव्हता. त्याच्याबरोबर रडावं असं मला फार वाटलं, पण आतून काही आलं नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, घरी आलेल्या बायका माझ्या पाठीवर ठेवायच्या तसाच, आणि मला फक्त एवढंच कळलं की मी अतिशय दमले आहे.

बऱ्याच वेळाने त्याने सदऱ्याने तोंड पुसलं. “घेतलं,” म्हणाला. “जा, तू झोप आता.”

मी आत गेले आणि चटईवर आडवी झाले. बाहेर तो पुन्हा रडायला लागलेला मला ऐकू येत होता. मी उठले नाही. ते ऐकत ऐकतच, मुलगी गेल्यापासून पहिल्यांदा, मला झोप लागली.