मार्थेलिसचे स्वच्छ हात

पडदा वर जातो. दुपारची वेळ. रस्त्यापलीकडे समुद्र, अलीकडे कौलारू घराचा व्हरांडा, आणि आतल्या खोलीतून उचलून आणलेली खाट. खाटेवर पांढऱ्या कपड्यांतला मार्थेलिस, उशाशी मी, पायाशी शहाळ्याचं पाणी घेऊन बसलेली त्याची भावजय पोडी नोना. प्रेक्षक नाहीत. शेजारीपाजारी सकाळीच पाया पडून गेले होते, भन्ते सूत्रं म्हणून गेले होते. उरलं होतं ते माझं काम.

आमच्याकडे मरणाऱ्या माणसाला त्याची पुण्यकर्मं ऐकवतात. शेवटचा विचार जसा, तसा पुढचा जन्म; म्हणून घाबरलेल्या मनाला धरायला काहीतरी चांगलं द्यायचं. आमच्या दोडंदूवा गावात हे काम माझ्याकडे येतं, कारण नाटक कंपनीत मी आयुष्यभर राजे झालो आणि माझा आवाज अजून मागच्या रांगेपर्यंत जातो. मार्थेलिसने तर मला आधीच सांगून ठेवलं होतं, की राजा, माझ्या वेळी तूच ये, आणि काही विसरू नकोस.

या एका दुपारसाठीच तो जगला होता.

त्याचा बाप मच्छीमार. बाप गेला तेव्हा दोघे भाऊ, मार्थेलिस आणि धाकटा ओदिरिस, खाटेजवळ होते. म्हातारा भिंतीकडे बोट करून ओरडत होता, मासे बघतायत, त्यांना पापण्या नाहीत, झाका त्यांना. कोणी काही चांगलं आठवून द्यावं एवढी उसंतच त्याने दिली नाही. त्या दिवसानंतर मार्थेलिस होडीत चढला नाही. त्याने पंचशील घेतलं आणि ते खरोखर पाळलं. झाडू मारण्याआधी जमिनीवर फुंकर घालायचा, मुंग्यांना वाट मिळावी म्हणून. दिव्याला जाळी लावायचा, पतंग जळू नयेत म्हणून. रोज संध्याकाळी पायरीवर बसून दिवसभरात आपण काय बोललो, मनात काय काय आलं, ते सगळं उलगडून बघायचा. आया पोरांना त्याच्याकडे बोट दाखवायच्या. राग आला की पाण्याचा घोट तोंडात धरून ठेवायचा, ही सवय मीही त्याच्याकडूनच घेतली, आणि तिने माझा संसार वाचवला. जे खरं ते सांगायलाच हवं.

पण चूल पेटायची ओदिरिसच्या होडीवर. फाटकं जाळं शिवायलाही मार्थेलिस हात लावत नसे. मासे मात्र खायचा; आपण मारले नाहीत, मारायला सांगितले नाहीत, म्हणजे दोष नाही. नियमाने ते बरोबरच होतं. विहारातले दिवे, बोधिवृक्षाचा कट्टा, पौर्णिमेचं भिक्षूंचं जेवण, सगळं मासळीच्या पैशातून. वाहायचं मात्र मार्थेलिसने. ओदिरिस विहाराच्या पायऱ्यांखाली उभा राहायचा, कारण त्याच्या हातांना वास येतो असं मार्थेलिस सांगायचा, आणि सांगताना त्याच्या आवाजात रागसुद्धा नसायचा.

ओदिरिसला त्याचं काही वाटत नसावं, किंवा वाटलं तरी तो हसण्यावारी न्यायचा. थोरल्या भावाला आमच्याकडे अय्या म्हणतात. एकदा माझ्यासमोरच म्हणाला, "अय्या, निब्बाणाला पोचलास की वरून एक दोरी सोड रे. मी खालीच असेन, माशांच्या तावडीत."

मी हसून हसून लोळलो. मार्थेलिस तोंड धुवायला निघून गेला.

पुण्याचा वाटा दुसऱ्याला देता येतो आमच्यात. दान झालं की म्हणायचं, याचं फळ अमक्याला मिळो. मार्थेलिस बापाला द्यायचा, देवांना द्यायचा, समस्त प्राणिमात्रांना द्यायचा. पोडी नोनाने एकदा भीत भीत नवऱ्यासाठी विचारलं, की यांनाही द्या ना थोडं. त्यावर तो म्हणाला, "रोज मारतोय तो. फुटक्या हंड्यात पाणी कशाला ओतू?"

मग एका वर्षी त्याने भन्तेंना कठिन चीवराचा शब्द दिला. भिक्षूंचा पावसाळ्यातला मुक्काम, म्हणजे वर्षावास, संपला की संघाला हे वस्त्र देतात. त्याहून मोठं पुण्य नाही, असं आम्ही मानतो. नेमका समुद्र खवळलेला होता. सगळ्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या, घरात मासळी नाही, पैसा नाही. ओदिरिस एकटाच निघाला. मी याच व्हरांड्यात चहा घेत बसलो होतो. पोडी नोना दाराला धरून रडत होती. मार्थेलिसने पाण्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "लवकर ये. भन्तेंना शब्द दिलाय."

ओदिरिस आला नाही. तोल राखायला होडीच्या बाजूला बांधलेला ओंडका तेवढा किनाऱ्याला लागला. चीवर आलं ते पोडी नोनाच्या कानातलं विकून, आणि मिरवणुकीत ते डोक्यावर घेऊन चालला मार्थेलिस. लोक साधू साधू म्हणत होते. पुढे ती सुकी मासळी विकायला बसू लागली आणि दिराला जेवू घालत राहिली. त्याचं शील चालूच होतं. फक्त संध्याकाळी पायरीवरून उठायला त्याला फार वेळ लागायचा.

तर त्या दुपारी मी आवाज लावला. दिवे सांगितले, बोधिवृक्षाचा कट्टा सांगितला, भिक्षूंची जेवणं सांगितली. त्याचा चेहरा हलेना. म्हणून शेवटचं, सगळ्यात मोठं काढलं. चीवराची मिरवणूक अशी रंगवली की मला स्वतःलाच ढोल ऐकू आले.

मार्थेलिसने हात वर केला. "ते ओदिरिसचं."

मी थांबलो.

"दिवेही त्याचेच. कट्टाही." त्याला धाप लागली होती. "राजा, माझं एखादं सांग ना."

मी म्हटलं, तू मुंगीसुद्धा मारली नाहीस. तो म्हणाला, ते न केलेलं झालं, केलेलं सांग. मी आठवू लागलो. रंगमंचावर शब्द विसरलो तर विंगेतून कोणीतरी पुढची ओळ सांगायचं. इथे विंगेत कोणी नव्हतं. त्याची नजर भिंतीकडे वळू लागली, बापाची वळली होती तशी, आणि बोटं चादर ओढू लागली.

तेव्हा पोडी नोनाने वाटी खाली ठेवली. त्याच्या कानाशी वाकली.

"अय्या, मला आठवतंय. हे निघाले त्या दिवशी तुम्ही यांचा हात धरलात. म्हणालात, चीवर गेलं खड्ड्यात, समुद्र खवळलाय, जाऊ नकोस. यांनीच नाही ऐकलं. तुम्ही अडवलं होतंत, अय्या."

तिचा आवाज अगदी साधा होता. इतक्या वर्षांत असं काम मला कधी साधलं नाही.

त्याची बोटं थांबली. भिंतीवरची नजर हळूहळू तिच्याकडे आली.

"आता खोटंही माझ्यासाठी तूच बोलायचं का, पोडी?"