सुषमाताईच्या पापण्यांवरचा मोरपंखी

हिवाळ्यात नागपूरला जा, संत्री खा, असं मी पार्लरमध्ये येणाऱ्या सगळ्यांना सांगते. स्वतः मात्र यंदा गेले ते माझी मावसबहीण सुषमाताई हिच्या फोनमुळे. "पल्लवीचं साक्षगंध आहे. तुझी रंगाची पेटी घेऊन ये वं. माझ्या डोळ्यावर रंगच उठून नाही राहिला." साक्षगंध म्हणजे आपल्याकडचा साखरपुडा, आणि पल्लवी तिची एकुलती एक. मी खुशीत हो म्हटलं. मग आवाज खाली करून ताईने उरलेलं सांगितलं. डॉक्टरांनी औषधं बंद केली होती, आता उपयोग नाही म्हणाले होते. हे फक्त भाऊजींना ठाऊक होतं. पल्लवीला कळलं तर ती लग्न मोडून आईच्या उशाशी बसेल, अशी ताईला धास्ती होती. "तिले मी बरी दिसली पाहिजे, बस्स."

नाशिकहून समृद्धी महामार्गाने बस झकास पळते. रस्ता सपाट आणि कंटाळवाणा, थांबे मोजके, तेव्हा खायचं बरोबर ठेवा. नागपूरला उतरल्यावर ऑटोचं भाडं आधी ठरवा, कारण ताई राहते ते बेसा म्हटलं की ऑटोवाले "बहुत दूर है मॅडम" सुरू करतात. बेसा खरंच वाढत सुटलंय, जुन्या खुणा शोधत बसू नका. ताईने दार उघडलं आणि मी तिला ओळखलं ते आवाजावरून. "काहून अशी पाहून राहिली? केस विकतचे आहेत. चांगले दिसते ना?" ती हसली, म्हणून मीही हसले. मला हसायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रक्त तपासायला धंतोलीत गेलो. गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळत नाही. इमारतीमागून इमारत दवाखान्यांची आणि फुटपाथवर डबे घेऊन बसलेली बाहेरगावची माणसं. तिथल्या बाकावरच मी ताईची पापणी उजेडात पाहिली. औषधांनी कातडी काळवंडली होती, कोरडी पडली होती. तिने बर्डीच्या बाजारातून महागाची रंगांची पॅलेट आणली होती, पण अशा पापणीवर नुसती पावडर घासली तर रंग मातकटच दिसणार. ताईला वाटत होतं, दोष डोळ्यांचा आहे.

ज्यांना हे हवं असेल त्यांच्यासाठी लिहिते. आधी थोडं क्रीम लावून मुरू द्यायचं. मग पांढऱ्या काजळाची पेन्सिल पापणीभर हलकी फिरवून अनामिकेने पसरायची. भिंतीला आधी पांढरा हात देतात, तसंच. नंतर चपटा ब्रश जरासा ओला करून रंग टेकवायचा, ओढायचा नाही. मधोमध बोटाने थोडी चमक. समारंभाच्या सकाळी मी ताईच्या घरीच हे सगळं केलं आणि मोरपंखी असा उठला की ताई आरशासमोरून हलेना. "अगं, ही तर मी आहे!"

साक्षगंध मुलाकडे, भिवापूरला होतं; उमरेडच्या रस्त्याने, गाडीने दीडेक तास. वाटेत टपरीवर सांबारवडी खाल्ली, कोथिंबिरीला इकडे सांबार म्हणतात. ताईने अर्धीच खाल्ली. मुलाकडचे मिरचीचे शेतकरी आणि व्यापारी. गेटातून आत शिरलो तर अंगण लालभडक, वाळत घातलेल्या मिरच्या, कडेला देठ खुडणाऱ्या बायका. क्षणात सगळ्यांचे डोळे वाहू लागले. भिवापुरात डोळे रंगवून आणायचे नसतात, पोचल्यावर रंगवायचे असतात, हे मला नाशिककरणीला कुठून सुचणार! ताईच्या पापण्यांना केसच उरले नव्हते, पाणी अडणार कशाने? मोरपंखी गालांवर आला.

होणाऱ्या विहीणबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आमच्या घरी येणारं पहिल्या दिवशी रडतेच बाई." सगळे हसले. ताईही हसली, पण तिचं पाणी थांबेना. ती खरोखरच रडत होती, मनसोक्त, भरल्या अंगणात, आणि कोणी का म्हणून विचारलं नाही. मला वाटलं, तिला तिथेच मिठी मारावी.

मी ताईला मागच्या खोलीत नेलं. ताई न्हाणीत तोंड धूत होती तेवढ्यात पल्लवी आत आली. "मावशी, मलेही शिकव हे. तू गेल्यावर तिचे डोळे कोण करेल?" मी ब्रश पुसत राहिले. तीच म्हणाली, "मले माहीत आहे. बाबाचा चेहरा पाहूनच समजलं. तिले सांगू नको. तिले हे लग्न पाहिजे." तिने माझा हात घट्ट धरला होता.

एक डोळा मी केला, दुसरा पल्लवीने. ताई डोळे मिटून बसली होती. मध्येच पल्लवीचा ब्रश थांबला.

"काहून थांबली वं?"

"मिरची लागली, आई."

"हो गं," ताई म्हणाली. "मलेही."

मग विहीणबाईंनी ताईला समोर बसवून कुंकू लावलं, अगदी जवळून पाहिलं आणि म्हणाल्या, "काय सुंदर डोळे केले!" ताईने मान ताठ ठेवली होती.

मी नाशिकला परतले. लग्नाची तारीख निघाली होती, पण ताई तिथवर राहिली नाही. फोन आल्यावर मी निघाले, पण माझी बस नागपूरला पोचेपर्यंत तिला नेलंही होतं. सवाष्ण म्हणून बायकांनी तिला हिरवं नेसवलं, ओटी भरली. मग पल्लवीने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि आईचे डोळे केले. "पापणी थंड होती, मावशी. काजळ पसरतच नव्हतं. बोट ऊन करून करून लावलं." रंग उठला का, एवढंच मला विचारता आलं. ती म्हणाली, उठला.

पुढच्या महिन्यात तिचं लग्न आहे, ताईच्या इच्छेप्रमाणे, साधंच. काल रडतच तिने फोनवर विचारलं, "आईले कळलं नव्हतं ना, की मले सगळं माहीत आहे?"

मी म्हटलं, "नाही गं." ताईला विचारलं असतं तर तीही हेच म्हणाली असती.