माझ्या लॅपटॉपमधला मायचा आवाज

मायच्या घशाचं ऑपरेशन नागपुरात ठरलं, तेव्हा मी सिंदेवाहीजवळच्या एका शाळेत शिक्षक होतो आणि नुकताच नवा लॅपटॉप घेतला होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, जीव वाचेल पण आवाज राहणार नाही. निघायच्या आदल्या दिवशी मी लॅपटॉपला माइक लावून मायला समोर बसवलं.

"काय बोलू मी याच्यात?"

"काहीबी बोल, माय."

तिनं आयुष्यभर तलावातली मासोळी टोपलीत घेऊन गावोगाव विकली. आधी लाजली, मग घोगऱ्या आवाजात तिनं तीच हाक दिली, "मासोळी घ्या वो बाई, मरळ हाय, झिंगे हाय!" आणि स्वतःच हसत सुटली. मग बाबांच्या गोष्टी सांगत बसली. जेवण करपलं तरी उठली नाही.

ऑपरेशननंतर ती वाचली. घरी आल्यावर लॅपटॉपकडे बोट दाखवायची. मी रेकॉर्डिंग लावलं की डोळे मिटून ऐकायची.

महिनाभरात रेकॉर्डिंग मधेच अडकायला लागलं. आतून टिकटिक ऐकू यायची. मला वाटलं, लोडशेडिंगमुळे असेल. मग व्हायरसचा संशय आला. डिस्क तपासायचा प्रोग्राम लावला, तो अर्ध्यावर थांबला. मी पुन्हा लावला. रविवारची अख्खी दुपार तेच करत राहिलो. संध्याकाळी लॅपटॉप सुरूच होईना.

चंद्रपूरच्या दुरुस्तीवाल्यानं डिस्क बाहेर काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली आणि कानाशी धरली.

"हार्डडिस्कच खराब हाय, सर. टिकटिक कधीपासून येऊन राह्यली?"

"आठ-दहा दिवस झाले."

"तेव्हाच बंद करून आणला असता, तर काही निघालं असतं. तुमी चालवतच राह्यले. पेनड्राइव्हवर घेतलं नाई का काही?"

पेनड्राइव्ह माझ्या खिशातच होता. त्यात दहावीच्या प्रश्नपत्रिका होत्या.

"वारंटीत नवी डिस्क भेटते," तो म्हणाला. "आतलं नाई भेटत."

खराब डिस्क नागपूरला डेटा काढून देणाऱ्या एकाकडे पाठवून पाहिली. त्यानंही हात टेकले.

मी मायला सांगितलं तेव्हा ती अंगणात लसूण सोलत होती. माझं बोलणं तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिचे ओठ हलले. मला कळलं नाही.

"काय म्हनते, माय?"

तिनं तेच पुन्हा, हळूहळू म्हटलं. मी तिच्या ओठांकडे टक लावून पाहत राहिलो, तरी एक शब्दही उमगला नाही. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुन्हा लसूण सोलायला लागली.