दोन जावांचं कुंकू

दसऱ्याचा दुसरा दिवस. काम: दुकानाच्या सर्व्हरमधली मेलेली डिस्क बदलणे.

आमचा धंदा कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या साड्यांचा. सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात काढलेले साड्यांचे काठ कागदावर होते. त्या कागदांना वाळवी लागली. त्याआधी मी सगळे काठ संगणकात घेतले होते म्हणून वाचले. सर्व्हरच्या पेटीत डिस्क दोन. एकीवर लिहिलेलं दुसरीवर आपोआप उमटतं. सासरे त्यांना जावा म्हणतात. "एक रुसली तं दुसरी सैपाक करते."

सकाळी पेटी टीं टीं करत होती. पडद्यावर दिसलं, एक डिस्क गेली. कोणती, ते डिस्कवरच्या दिव्याने कळतं: चांगलीचा हिरवा, गेलेलीचा लाल. मी वाकून पाहिलं. दोन्ही दिव्यांवर कालच्या पूजेचे ठसठशीत टिळे, वर अक्षता. पुसलं, पण दिव्याच्या भोकात मुरलेलं कुंकू निघेना. दोघीही लालच.

"मामाजी, दिव्यावरच काहून लावलं?" मी सासऱ्यांना विचारलं.

"तेच तं कपाळ आहे तिचं. एकीलेच लावलं असतं तं दुसरी रुसली नसती?"

"लावूनही गेलीच ना एक."

"सवाशीण गेली," ते म्हणाले. "आता एक ओढून पाय, कोणती मेली ते समजते."

"चालू पेटीतून चांगली ओढली, तं तुमचे सारे काठ गेले."

त्यांनी पेटीकडे नेलेला हात मागे घेतला.

मी पडद्यावरून गेलेलीचा नंबर लिहून घेतला, पेटी बंद केली, दोघींना बाहेर काढून पाठीवरचे नंबर वाचले. मेलेली टेबलावर, नवी आत. पेटी सुरू केली, नवीवर नक्कल उतरू लागली. ती पुरी होईपर्यंत सगळे काठ एकाच जुन्या डिस्कच्या भरवशावर. सासरे स्टूल घेऊन पेटीसमोर बसले, चौकातल्या चहालाही गेले नाहीत. बटणाजवळ कोणी आलं की म्हणत, "हात नको लावू. थोरली एकटीच राबून राहिली."

संध्याकाळी नक्कल पुरी झाली. त्यांचा हात कुंकवाच्या करंड्याकडे गेला. करंडा मी आधीच उचलला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळे काठ तिसऱ्या, सुट्या डिस्कवर उतरवले आणि ती कोशाच्या तुकड्यात गुंडाळली. लाखांदूरला नणंदेच्या कपाटात ठेवायची होती.

"तिसरीले वेगळी चूल मांडून देऊन राहिली का?"

"हो. दुकान जळलं तं या दोघी एकाच छपराखाली आहेत."

निघताना पेटीच्या बाजूच्या पत्र्यावर, दिव्यांपासून लांब, एक कागद चिकटवला: 'कपाळ इथे आहे.' करंडा त्यांच्या हातात दिला आणि लाखांदूरची एसटी पकडली.