निडीच्या फणसाची गिटार

रंधा मारून आणलेल्या फळीवर माझा विश्वास बसत नाही. करवतीतून निघालेली खडबडीत फळी आपले डाग, चिरा, किडीची भोकं लपवत नाही. रंधा फिरला की सगळ्याच फळ्या सज्जन दिसतात.

पेणला गणपतीच्या कारखान्यांमागच्या गल्लीत माझी शेड आहे. तिथे मी गिटारी बनवते, ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाने. कुणी स्वतःचं लाकूड देणार असेल तर मी आधीच बजावते, वाळवा, पण हत्यार लावू नका. निडी गावच्या गिऱ्हाइकालाही बजावलं होतं.

तो रोह्याजवळ एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी पडवीत बसून गिटार वाजवतो. त्याच्या वडिलांनी लावलेला घरामागचा फणस वादळात पडला. वडील आता नाहीत, झाडही गेलं, म्हणून त्याला त्याच लाकडाची गिटार हवी होती. मी जाऊन ओंडका पाहिला. मधला भाग सरळ होता, तिथे गाठी नव्हत्या. फणसाची वीणा होते, तशी गिटारीची पाठ आणि कडाही होतात. रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या सॉ मिलमध्ये जाड फळ्या कापून घ्या आणि माळ्यावर वाळवा, असं सांगून मी परत आले. अख्ख्या ओंडक्यात एका गिटारीपुरतंच निर्दोष लाकूड होतं. ते बिघडलं तर दुसरं मिळणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

दोन पावसाळे गेल्यावर तो फळ्या घेऊन आला. हळदीसारख्या पिवळ्या, गुळगुळीत.

"रंधा कुणी मारला?" मी विचारलं.

"मीच मारून घेतला, ताई. म्हटलं, तुमचं काम जरा हलकं होईल."

"मी सांगितलं होतं का?"

"नाय, पण..."

तो भिंतीवरच्या पटाश्या बघत राहिला. माझं काम हलकं करणारा माणूस दिसला की मी सावध होते. दोन वर्षं वाळलेला फणस वरून तपकिरी पडायला हवा. तो तपकिरी थर याने का काढून टाकला?

तो गेल्यावर फळी दोन बोटांत धरून ठोकली. चांगला वाळलेला फणस घुमतो. ही फळी उशीवर थाप मारल्यासारखी वाजली. फळ्या बदलल्या असाव्यात, असं मनात आलं. सरळ ओंडका पाहून मिलवाल्याने तो ठेवून घेतला असेल आणि याला भलताच दिला असेल. तरीही एक फळी चिरून दोन पातळ पाती काढली आणि पाठीसाठी सरसाने जोडून शिकंज्यात आवळली. दुसऱ्या दिवशी शिकंजा सोडला, जरा वाकवून पाहिलं, तर सांधा बिस्किटासारखा सुटला. त्याच भांड्यातला सरस दुसऱ्या गिटारीवर दगडासारखा धरला होता. म्हणजे दोष सरसाचा नव्हता.

मी स्कूटर काढली आणि अष्टमी गाठली. मिलवाला भुशाच्या ढिगाशेजारी चहा पीत होता.

"फणस बदललात का?" मी सरळच विचारलं.

"या, बसा, पाणी घ्या, मग चोर म्हणा," तो म्हणाला. "ताई, फणस बदलून मी काय करू? सागवान असता तर मोह तरी पडला असता."

"मग त्या फळ्यांना सरस का धरत नाही?"

"ते मला नका विचारू. मी कापून दिल्या तेव्हा चांगल्या होत्या. मागल्या महिन्यात तुमचा माणूस त्याच फळ्या रंधायला घेऊन आला. वरून काळ्याकुट्ट, चिकट. माझं पातं धुवायला रॉकेल लागलं. काय लावलंय विचारलं, तर म्हणतो धूर लागला चुलीचा. धूर काय असा चिकटतो?"

माझा संशय तिथेच मिलवाल्यावरून उठून निडीला गेला. माफी मागायला मी थांबले नाही. त्यालाही तशी अपेक्षा नसावी. "पुढचा ओंडका कुठे कापणार?" असं त्याने मागून ओरडून विचारलं, मी "इथेच" म्हणाले, आणि तो विषय मिटला.

शेडवर परतून फळीवर पाण्याचा थेंब सोडला. कोरडं लाकूड थेंब पिऊन टाकतं. हा थेंब तसाच फुगून उभा राहिला. मग थोडा भुसा घेऊन गल्लीच्या टोकाला गेले, कारण शेजारच्या कारखान्यांच्या रंगाच्या वासात दुसरा वास कळत नाही. हातावर भुसा चोळला. कडवट, ओळखीचा वास. करंजाचं तेल.

दुसऱ्या सकाळी न कळवता निडीला गेले. कळवलं की लोक तयार उत्तरं देतात. अंगणात त्याची आई फणसाच्या उरलेल्या तुकड्याला चिंधीने तेल चोळत होती. मला पाहून आनंदली.

"ये गो बाय. झाली का गिटार?"

"मावशी, माळ्यावरच्या फळ्यांना हेच लावलंत?"

"मग? दर अमावास्येला लावलंय. टोकांना दोनदा. कीड टोकातूनच शिरते."

तिचं माहेर खाडीकाठचं, मिठागरवाल्यांचं. तिथे होडीला करंजतेल, खाडीचं पाणी अडवणाऱ्या उघाडीच्या दाराला करंजतेल. तेल न लावलेलं लाकूड तिच्या हिशेबी उघडं पडलेलं पोर.

मुलगा दारात उभा होता. "मला उशिरा कळलं, ताई. म्हटलं, रंध्याने निघून जाईल."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही फळ्या परत केल्या असत्या."

ते खरं होतं.

"होडी तेलाने टिकते," मावशी मला समजावू लागली, "मग तुझं खेळणं काय नाय टिकणार?"

"होडी वाजवत नाहीत, मावशी. तेलाने आवाज बसतो, आणि सरस धरत नाही."

तिने हातातल्या चिंधीकडे पाहिलं, मग मुलाकडे. "म्हणजे मी ह्यांनी लावलेलं झाड नासवलं?"

"बघते," मी म्हणाले. खोटा धीर द्यायची मला सवय नाही.

उरलेल्या फळ्यांचे बाहेरचे थर मी काढून टाकले. मधल्या भागावर थेंब जिरला. टोकांचं काम मात्र कठीण होतं, लाकूड टोकांतूनच तेल ओढतं. एक तुकडा कापायचा, थेंब सोडायचा, तो उभा राहिला की आणखी कापायचं. शेवटी थेंब जिरला तेव्हा फळी एवढी आखूड झाली होती की ठरलेली मोठी गिटार त्यातून होणार नव्हती. त्याला फोन केला. "लहान होईल. चालेल?"

"फणस तोच ना?"

"तोच."

"मग करा."

गिटार झाली. न्यायला मायलेक दोघं आले. त्याने तिथेच वाजवली. आवाज लहान, पण मोकळा होता. मावशीने पाठीवर बोट फिरवलं.

"बारकी झाली. आणि कोरडी वाटते गो."

"कोरडीच हवी. लाखेचं पॉलिश आहे, वर काही लावायचं नाही." मग मी तिच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. "त्यात काय आहे?"

तिने बाटली काढली. मी गिटार तिच्यापासून लांब सरकवली.

"त्याला नाय," ती हसून म्हणाली. "तुझ्या शेडच्या दाराला आणलंय. खाली बघ, भुंग्याने लाकूड पोखरून पीठ पाडलंय."

खरंच पाडलं होतं. मी मुलाला विचारलं, गिटारीच्या पेटीला कुलूप लागतं का. लागतं म्हणाला. चावी कुणाकडे राहणार, तेही विचारून घेतलं. ते गेल्यावर दाराला तेल लावलं, आणि उरलेल्या तेलाची बाटली आतल्या लाकडांपासून लांब, शेडबाहेर, खिडकीच्या वरच्या फळीवर ठेवली.